वृत्तनिवेदनात या चुका टाळा: आवाज तयार होतो, कान राहून जातो

रात्री नऊचं बुलेटिन. घाटात बस कोसळल्याची बातमी. अँकरसमोर मजकूर सरकवणाऱ्या प्रॉम्प्टरवर 'पाच जणांचा मृत्यू' होतं, पडद्याखालच्या सरकत्या पट्टीवर, म्हणजे टिकरवर सहा, आणि मी पीसीआरमधून, म्हणजे कंट्रोल रूममधून, टॉकबॅकवर अँकरच्या कानात सांगत होते, "सात म्हण, सात. जिल्हा शल्यचिकित्सकांनी सात सांगितलेत." अँकरनं शांत, स्वच्छ आवाजात पाच वाचलं. पाठोपाठ रिपोर्टर फोनोवर, म्हणजे थेट फोनवरून, बोलायला आला, त्यानं सात सांगितलं. अँकरनं त्याचे आभार मानले आणि पुढची, वाहतूक वळवल्याची बातमी सुरू केली ती 'पाच जणांचा बळी घेणाऱ्या या अपघातानंतर' अशी.

मुलगी हुशार होती. इअरपीसमधल्या आवाजानं वाचताना अडखळायला होतं, म्हणून ब्रेकमध्ये तिनं तो कमी करून घेतला होता.

बरीच वर्षं मी बुलेटिन काढते आहे. ऑडिशनला आवाज बघतात, चेहरा बघतात, वाचायला लावतात. बोलता बोलता ऐकता येतं का, हे सहसा कुणी तपासत नाही. पण नवे अँकर अडकतात ते तिथंच. म्हणून खालच्या बहुतेक चुका ऐकण्याच्या आहेत, आणि त्यांची सुरुवात इअरपीसपासूनच करायला हवी.

टॉकबॅक बंद ठेवून वाचणं

कानात प्रोड्युसर बोलतो, पॅनलवरचा डायरेक्टर सेकंद मोजतो, कधी दोघं एकदम बोलतात, आणि तुम्ही त्याच वेळी एका मृत माणसाबद्दल आदरानं बोलत असता. सुरुवातीला हे अशक्य वाटतं. पण सवयीनं जमतं, आणि सवय घरी करता येते. एका कानात रेडिओवरच्या बातम्या लावा आणि समोरचं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचा. पाच मिनिटांनी थांबून रेडिओवर काय सांगितलं ते लिहून काढा. पहिल्या आठवड्यात कागद कोराच राहील. पुढची पायरी म्हणजे घरातल्या कुणाला तरी शेजारी बसवायचं. तुमचं वाक्य चालू असताना त्यांनी एक आकडा हळूच म्हणायचा आणि तुम्ही न थांबता तो त्याच वाक्यात बसवायचा. रोज वीस मिनिटं केलंत तर महिन्याभरात फरक जाणवतो.

इअरपीसचा आवाज खरोखर जास्त असेल तर बुलेटिनआधी साउंडवाल्यांकडून बेतात करून घ्या. सूचना ऐकूच येऊ नये इतका कमी मात्र करू नका. आणि सूचना कळली नाही तर जे प्रॉम्प्टरवर आहे ते ठामपणे रेटू नका. 'मृतांच्या आकड्याबद्दल वेगवेगळी माहिती येते आहे, आपण आमच्या प्रतिनिधीकडून जाणून घेऊ' हे वाक्य अशा वेळी उपयोगी पडतं, आणि ते खरंही असतं.

रिपोर्टरच्या उत्तराआधी दुसरा प्रश्न

लाइव्हमध्ये प्रश्न विचारल्यावर समोरचा दोन क्षण नुसता बघत राहतो. नवा अँकर घाबरतो आणि प्रश्न पुन्हा विचारतो. तेवढ्यात उत्तर सुरू होतं आणि दोघं एकमेकांवर बोलू लागतात. हे का होतं ते एकदा समजून घेतलं की भीती जाते. घटनास्थळावरून थेट चित्र पाठवणाऱ्या ओबी व्हॅनचा सिग्नल ज्या उपग्रहावरून येतो तो विषुववृत्तापासून 35,786 किलोमीटर उंचीवर असतो. वर जाऊन खाली यायलाच जवळपास पाव सेकंद लागतो. तुमचा प्रश्नही उपग्रहावरूनच जात असेल तर जाऊन येऊन अर्धा सेकंद गेला, आणि चित्र-आवाज आकुंचित करून पुन्हा उलगडण्याचा वेळ वेगळा. पाठीवरच्या बॅगेतून मोबाइल नेटवर्कवर लाइव्ह असेल तर हा उशीर आणखी वाढतो. तेव्हा प्रश्न विचारा, तोंड मिटा आणि मनात तीन मोजा.

प्रश्न छोटा ठेवा. अर्धा मिनिट पार्श्वभूमी सांगून 'तर काय सांगशील?' असं विचारलं की रिपोर्टर तीच पार्श्वभूमी पुन्हा सांगतो. 'अडकलेले बाहेर निघाले का?' एवढा प्रश्न पुरतो. ज्याचं माणूस नुकतंच गेलं आहे त्याला 'आता काय वाटतंय?' हे विचारू नका. या प्रश्नाला उत्तर नसतं, आणि प्रेक्षकाला अँकरचाच राग येतो.

स्क्रिप्ट आधी मोठ्यानं न वाचणं

2 ऑक्टोबर 1972 ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. स्मिता पाटील, भक्ती बर्वे, प्रदीप भिडे यांनी तिथून बातम्या दिल्या. तेव्हाच्या निवेदकाच्या हातात कागद असे. वाक्याचा सुरुवातीचा तुकडा नजरेत घ्यायचा आणि वर बघून बोलायचं, म्हणजे बातमी आधी डोक्यात असावीच लागे. प्रॉम्प्टरनं ती गरज वरवर संपवली. काचेवर अक्षरं सरकतात, आपण वाचत जातो. पण ती सरकवणारा माणूस तुमच्या वेगाकडे बघत असतो. तुम्ही त्याच्यामागे धावलात तर तो आणखी पुढे सरकवतो, आणि मग बातमी एक्स्प्रेसच्या वेगानं संपते. तुम्ही थांबलात की तोही थांबतो. डोळे डावी-उजवीकडे फिरताना दिसत असतील तर ओळी अरुंद करून घ्या.

मराठीची स्वतःची एक अडचण आहे. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं तुटतात, 'दऱ्या'चं 'दर्या' होतं, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. ऑन एअर पहिल्यांदा नजरेला पडलं तर चांगला वाचक ठेचकाळतो. बुलेटिनआधी सगळं एकदा ओठ हलवून वाचलं की हे सापडतं. आणि टेबलावरचे कागद बातमीगणिक उलटत चला. प्रॉम्प्टर गोठतो तो हमखास मोठ्या बातमीत. तेव्हा ऑपरेटरकडे बघू नका, कागदावर बघा. कागदावर बघणारा अँकर प्रेक्षकाला खटकत नाही, भेदरून बाजूला बघणारा खटकतो.

आकड्यांचं दुखणं वेगळं आहे. 79 म्हणजे एकोणऐंशी आणि 89 म्हणजे एकोणनव्वद. इंग्रजी माध्यमात शिकलेली मुलं इथं हटकून अडखळतात, कारण अंक दिसल्यावर मनात इंग्रजी शब्द येतो आणि त्याचं भाषांतर तोंड उघडेपर्यंत होत नाही. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण उपाय करायला हवा. मोठे आकडे प्रॉम्प्टरवर अक्षरांत लिहून घ्या आणि एक ते शंभर उलटे म्हणायची सवय ठेवा.

उच्चारांत ण-न आणि ळ-ल यांकडे सगळे लक्ष देतात, च आणि ज मात्र निसटतात. 'चाक'मधला च आणि 'चाकू'मधला च वेगळे, 'जळगाव'चा ज आणि 'जपान'चा ज वेगळे. लिहिताना फरक दिसत नाही, म्हणून ऐकूनच शिकावं लागतं. गावाच्या नावाबद्दल शंका असेल तर त्या भागातल्या रिपोर्टरला फोन करा. आपल्या गावाचं नाव चुकीचं ऐकलेला प्रेक्षक पुढची बातमी विश्वासानं ऐकत नाही, आणि त्याचं बरोबर असतं.

शब्द सैल वापरणं

पोलिसांनी ताब्यात घेतलं म्हणजे अटक झाली असं नाही. आरोपी म्हणजे गुन्हेगार नाही. जामीन मिळाला म्हणजे निर्दोष सुटला नाही. न्यायाधीश सुनावणीत जे बोलले तो आदेश नाही. मतदान 60 टक्क्यांवरून 66 टक्क्यांवर गेलं तर ते 6 टक्केबिंदूंनी वाढलं, टक्क्यांत सांगायचं तर 10 टक्क्यांनी. डेस्कवरून चुकीचं आलं तर विचारा. वाचलं तुमच्या तोंडून जातं.

ओळख उघड होणं

यावर थोडं जास्त बोलते, कारण इथली चूक माफी मागून भरून निघत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 नुसार बलात्कारासारख्या गुन्ह्यातल्या पीडितेचं नाव किंवा तिची ओळख पटेल अशी कोणतीही गोष्ट प्रसिद्ध करणाऱ्याला 2 वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. त्याआधी हीच तरतूद भारतीय दंड संहितेत 228-अ म्हणून होती. पीडित बालक असेल तर पॉक्सो कायद्याचं कलम 23 आणखी स्पष्ट आहे. नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंबाचा तपशील, शाळा, शेजार, यातलं काहीही चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2018 मध्ये हा अर्थ आणखी पक्का केला, पीडितेचा मृत्यू झाला असला तरीही.

नाव घ्यायचं नाही हे आता बहुतेकांना माहीत असतं. चूक होते ती तुकड्यांत. अँकर तालुका सांगतो, रिपोर्टर वडील कुठल्या कारखान्यात कामाला आहेत ते सांगतो, बाइटमध्ये, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या प्रतिक्रियेत, मुख्याध्यापक दिसतात. मुंबईत बसून हे तीन वेगळे तुकडे वाटतात. त्या गावात ते घर लगेच ओळखलं जातं. म्हणूनच जिल्ह्याच्या केबल चॅनेलवरच्या अँकरनं मोठ्या चॅनेलपेक्षाही जास्त जपायला हवं, कारण त्याचा प्रेक्षक त्याच गल्लीत राहतो.

फोनोवर शेजारी किंवा स्थानिक नेता बोलता बोलता नाव घेऊ लागला तर शिष्टाचार बाजूला ठेवा. मधेच तोडा: "थांबा, आपण ओळख सांगणार नाही." फोनो खाली घ्यायला सांगा आणि ते रेकॉर्डिंग पुनःप्रक्षेपणात जाणार नाही हे स्वतः बघा. हे सगळं दोन सेकंदांत करायचं असतं, त्यामुळे पाहुणा बोलत असताना पुढचा प्रश्न जुळवत बसलेल्या अँकरला ते जमत नाही.

तसंच चालू कारवाईचं. 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबई हल्ल्यात कमांडोंच्या हालचाली पडद्यावर थेट दिसल्या, आणि 2012 च्या कसाब निकालात सर्वोच्च न्यायालयानं वाहिन्यांवर कडक शब्दांत टीका केली. 2015 मध्ये केबल टेलिव्हिजन नियमांत दुरुस्ती झाली. दहशतवादविरोधी कारवाई सुरू असताना थेट प्रक्षेपण नाही, नेमलेल्या अधिकाऱ्यानं वेळोवेळी दिलेली माहिती तेवढी द्यायची. रिपोर्टर उत्साहात जवान कुठल्या जिन्यानं चढताहेत ते सांगू लागला तर त्याला थांबवणंही अँकरचं काम आहे.

थोडक्यात आणखी काही

क्रोमा, म्हणजे मागचा एकरंगी पडदा, हिरवा असेल तर हिरवा कपडा नको, बारीक रेघांचं कापड कॅमेऱ्यात थरथरतं, आणि मंगळसूत्र किंवा ओढणी कपड्याला लावलेल्या लेपल माइकला घासली की तो खरखराट घरोघरी ऐकू जातो. आवाज चढवू नका, माइक जवळच असतो. पहाटेच्या शिफ्टला घसा आतून जागा झालेला नसतो, अर्धा तास आधी कुणाशी तरी गप्पा मारा. करारावर सही करण्याआधी नोटीस पीरियड आणि बाहेरच्या सूत्रसंचालनाची अट वाचा. आणि फक्त स्टुडिओत बसू नका. महिन्यातून दोनदा तरी रिपोर्टरबरोबर बाहेर जा, पंचनामा, शवविच्छेदन, मतमोजणी डोळ्यांनी बघा. जे बघितलंय ते वाचताना आवाज आपोआप खरा लागतो.

चूक झाल्यावर ती झाकणं

घसरलेला शब्द 'क्षमस्व' म्हणून नीट करा आणि पुढे जा. आकडा, नाव किंवा आरोप चुकला असेल तर दुरुस्ती त्याच बुलेटिनमध्ये, पूर्ण वाक्यात, तुमच्याच तोंडून: "मघाशी आम्ही पाच जणांचा मृत्यू झाल्याचं सांगितलं, तो आकडा सात आहे." टिकर गुपचूप बदलून भागत नाही.

त्या रात्री ब्रेकनंतर त्या मुलीनं नेमकं हेच केलं. इअरपीसचा आवाज वाढवून घेतला, कॅमेऱ्याकडे बघितलं आणि दुरुस्ती वाचली. बुलेटिन संपल्यावर ती पीसीआरमध्ये आली आणि म्हणाली, "ताई, उद्या मी वाचत असताना तुम्ही मुद्दाम बोलत राहाल?"