‘५० टक्के स्कॉलरशिप’ म्हणजे नेमके किती? अमेरिकन कॉलेजची स्पोर्ट्स ऑफर वाचताना

कोच फोनवर सांगतो, "आम्ही तुला ५० टक्के देतोय." त्यावर पहिला प्रश्न एकच: कशाचे ५० टक्के?

एक हिशोब मांडून बघा. समजा वर्षाची ट्युशन ४०,००० डॉलर, फी २,०००, राहणं-जेवण १५,०००, पुस्तकं १,००० आणि प्रवास व किरकोळ खर्च ३,०००. एकूण ६१,०००. कॉलेज याला ‘कॉस्ट ऑफ अटेंडन्स’ म्हणतं. ५० टक्के नुसत्या ट्युशनचे असतील तर मिळाले २०,००० आणि घरातून गेले ४१,०००. तेच एकूण खर्चाचे असतील तर मिळतात ३०,५००. फरक १०,५०० डॉलरचा, तोही एका वर्षाचा. म्हणून टक्क्यांत बोलूच नका. ऑफर डॉलरमध्ये मागा आणि प्रत्येक कॉलेजपुढे ‘आपल्या खिशातून किती जाणार’ हा एकच आकडा लिहा. अमेरिकेत आपण राहतो त्याच राज्यातल्या सरकारी कॉलेजची २५ टक्क्यांची ऑफर महागड्या खाजगी कॉलेजच्या ६० टक्क्यांपेक्षा स्वस्त पडू शकते.

मुळात पैसे कोण देतं, हेही बघावं लागतं. एनसीएए ही कॉलेज खेळांची मोठी अमेरिकन संघटना कॉलेजांना तीन डिव्हिजनमध्ये, म्हणजे गटांत, विभागते. त्यातल्या डिव्हिजन १ आणि २ मध्ये अ‍ॅथलेटिक स्कॉलरशिप असते, डिव्हिजन ३ मध्ये नसते. आयव्ही लीग (हार्वर्ड, येल वगैरे विद्यापीठांचा गट) डिव्हिजन १ मध्ये असूनही ती देत नाही. या दोन्हीकडे घरच्या आर्थिक गरजेनुसार मदत मिळते, डिव्हिजन ३ मध्ये गुणांवरही. अशा कॉलेजचा कोच "पॅकेज चांगलं बसेल" म्हणाला, तरी तो आकडा कोचच्या हातात नसतो. एनएआयए (एनसीएएहून वेगळी, मुख्यतः छोट्या कॉलेजांची संघटना) आणि ज्युनियर, म्हणजे दोन वर्षांच्या, कॉलेजांचे पर्याय वेगळे. तिथेही खेळासाठी पैसे मिळतात.

जुने तक्ते वाचून गोंधळू नका. पूर्वी डिव्हिजन १ मध्ये प्रत्येक खेळाला स्कॉलरशिपची मर्यादा होती. उदाहरणार्थ, बेसबॉलला ११.७ पूर्ण स्कॉलरशिपइतके पैसे, आणि ते तुकडे करून सगळ्या टीममध्ये वाटायचे. जून २०२५ मध्ये ‘हाउस’ खटल्यातली (खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध केलेला दावा) तडजोड कोर्टाने मंजूर केली. ती स्वीकारलेल्या कॉलेजांत आता मर्यादा स्कॉलरशिपवर नसून रोस्टरवर, म्हणजे टीममधल्या एकूण खेळाडूंच्या संख्येवर, आहे: बेसबॉल ३४, अमेरिकन फुटबॉल १०५, बास्केटबॉल १५. म्हणजे ३४ जणांना पूर्ण पैसे द्यायला नियमाची आडकाठी नाही. पण मर्यादा उठली म्हणून तिजोरी भरत नाही. कित्येक कॉलेजं अजूनही तुकडेच वाटतात. शिवाय रोस्टर मोजका झाल्यामुळे एक नवा प्रश्न विचारावा लागतो: पैशांबरोबर टीममधली जागा पक्की आहे का? ‘प्रेफर्ड वॉक-ऑन’ म्हणजे टीममध्ये जागा, पण अ‍ॅथलेटिक स्कॉलरशिप शून्य. हा शब्द बोलण्याच्या ओघात सहज निसटून जातो.

तोंडी ऑफर दोन्ही बाजूंना बांधत नाही. कोच बदलला, दुसरा खेळाडू आधी हो म्हणाला किंवा ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) अनुभवी कोणी मिळाला, की ती हवेत विरते. खेळाडू आणि कॉलेज यांना बांधणारं जुनं ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’ हे पत्र ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झालं. आता महत्त्वाचा कागद एकच, कॉलेजचा आर्थिक मदतीचा लेखी करार, म्हणजे फायनान्शियल एड अ‍ॅग्रीमेंट. "दोन दिवसांत सांग" असा दबाव आला, तर कोचला साधा ईमेल टाका: "रक्कम डॉलरमध्ये किती, त्यात काय काय धरलंय, किती वर्षांसाठी, आणि लेखी कधी मिळेल?" चौथ्या प्रश्नाचं उत्तर टाळलं गेलं, तर बाकीची तीन उत्तरं फारशी कामाची नाहीत.

कागद हातात आला की ‘पिरियड ऑफ अवॉर्ड’, म्हणजे मदत किती काळासाठी आहे, ते शोधा. बरेच करार एका वर्षाचे असतात. "चार वर्षं आमच्याकडेच" हे कोचचं वाक्य त्यात नसतं. डिव्हिजन १ मध्ये कराराची मुदत चालू असताना खेळ घसरला किंवा दुखापत झाली, या कारणाने रक्कम कापता येत नाही. स्वतःहून टीम सोडली, अपात्र ठरलात किंवा गंभीर गैरवर्तन केलं, तर मात्र कापता येते. मुदत संपल्यावर नूतनीकरणाचा निर्णय १ जुलैपर्यंत कळवावा लागतो. तो विरोधात गेला तर दाद मागता येते, आणि सुनावणी क्रीडा विभागाबाहेरच्या लोकांपुढे होते. उन्हाळी सत्राची फी, पाचवं वर्ष आणि दुखापतीनंतरचे उपचार यांबद्दल करारात काय आहे, तेही पाहून घ्या.

बारावीच्या शेवटी हमखास फसणारी गोष्ट अभ्यासाची. डिव्हिजन १ साठी हायस्कूलचे १६ कोअर कोर्स (एनसीएएने मान्य केलेले मुख्य विषय) आणि त्यांत किमान २.३ जीपीए (४ पैकी सरासरी गुणांक) लागतो. डिव्हिजन २ साठी २.२. डिव्हिजन १ साठी १६ पैकी १० कोर्स बारावी सुरू होण्यापूर्वी संपवावे लागतात, आणि त्या १० पैकी ७ इंग्रजी, गणित किंवा विज्ञानाचे हवेत. शाळेच्या मार्कशीटवरचा जीपीए इथे चालत नाही. फक्त कोअर कोर्सचा मोजतात. त्यामुळे ३.० दिसणारा मुलगाही अडकू शकतो. दहावीतच शाळेच्या काउन्सेलरकडून एनसीएएच्या मान्य कोर्सची यादी काढून पडताळा.

राहिला कर. ट्युशन, सक्तीची फी आणि आवश्यक पुस्तकांसाठीची रक्कम करमुक्त असते; राहण्या-जेवणासाठीची करपात्र. एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्याच्या करपात्र भागातून सहसा १४ टक्के आधीच कापून घेतात. म्हणजे ‘फुल राइड’ (सगळा खर्च भागवणारी स्कॉलरशिप) असली तरी वर्षाच्या हिशोबात ही ओळ धरावीच लागते.