गव्याचे डोके, मोराचा पिसारा : जोडप्राण्यांचे पत्ते घरी कसे करावेत

वाळवा तालुक्यातील कोळे नृसिंहपूरला जाऊन आलेल्या मुलाला सिंहाचे मस्तक आणि माणसाचे धड यांत काही वावगे वाटत नाही. किल्ल्यांच्या दरवाजांवर कोरलेले शरभ नावाचे काल्पनिक पशूही त्याने कधीतरी पाहिलेले असतात. त्यामुळे निरनिराळ्या प्राण्यांचे अवयव जोडून नवा प्राणी तयार करण्याचा पत्त्यांचा खेळ सांगली-साताऱ्याकडच्या मुलांना फारसा समजावून सांगावा लागत नाही. पत्ते तयार करण्याचे काम मात्र काटेकोरपणे करावे लागते.

घरात साठलेल्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदातून ९ सेंमी उंच व ६ सेंमी रुंद अशी ३६ पाने कापावीत. सर्व पानांच्या पाठीला एकसारखा खाकी कागद चिकटवणे आवश्यक आहे, कारण तसे न केल्यास ‘लग्नाला यायचं हं’ लिहिलेले पान म्हणजे मगरीचे डोके, हे मुले दोन डावांतच पाठ करतात.

बारा प्राणी निवडून प्रत्येकाची डोके, धड आणि मागचा भाग अशी तीन पाने करावीत. माझ्या निवडीत पाण्यातले मगर, कासव, खेकडा व मरळ मासा. जमिनीवरचे गवा, बिबट्या, खिलार बैल व माडग्याळी मेंढा. आणि उडणारे मोर, धनेश, घार व वटवाघूळ आहेत. चांदोलीचा गवा, कृष्णेतली मगर आणि जत भागातला बाकदार नाकाचा मेंढा मुलांच्या ऐकण्यातले असल्याने चित्र थोडे चुकले तरी ती लगेच ओळखतात.

खरी मेख सांध्यात आहे. मी पहिल्या खेपेस प्रत्येक प्राणी मनाला येईल तसा काढला आणि मगरीचे डोके बैलाच्या पोटाला जाऊन चिकटले. म्हणून चित्र काढण्यापूर्वी प्रत्येक पानाच्या जोडाच्या कडेवर तळापासून ४ सेंमी आणि ६ सेंमी अशा दोन खुणा कराव्यात, सर्व प्राण्यांची तोंडे डावीकडे ठेवावीत आणि मान व कंबर त्या दोन खुणांमधूनच बाहेर काढावी. खेकड्याला मानच नसते. त्याचे डोळे व नांग्या डोक्याच्या पानावर घेऊन कवच खुणांपर्यंत ओढावे. हे जमले की कोणतेही डोके कोणत्याही धडाला लागते आणि १,७२८ जोडण्या होतात. पानाच्या कोपऱ्यात पाणी, जमीन किंवा आकाश यांची छोटी खूण करावी.

दोन ते चार जणांनी खेळावे. पाने पिसून प्रत्येकाला चार वाटावीत व उरलेली गड्डी मध्ये पालथी ठेवावी. आपल्या पाळीला वरचे एक पान उचलावे आणि नको असलेले एक टाकावे. गड्डी संपल्यास टाकलेली पाने पिसून पुन्हा घ्यावीत. डोके, धड व मागचा भाग जुळला की प्राणी खाली मांडून हातातली पाने पुन्हा चार करावीत. दोन प्राणी आधी मांडणारा डाव जिंकतो. लहान मुलांसाठी एवढा नियम पुरे. आठ वर्षांवरील मुलांना प्रत्येक प्राण्यात पाणी, जमीन व आकाश या तिघांचेही एकेक पान असण्याची अट घालावी. त्यामुळे जोडण्या ३८४ वर येतात आणि कोणते पान टाकावे याचा विचार सुरू होतो.

मांडलेल्या प्राण्याला नाव दिल्याशिवाय तो मोजू नये. गव्याचे डोके, कासवाचे धड आणि मोराचा पिसारा मिळून आमच्याकडे ‘गवासमोर’ झाला. इतरांनी त्याच्याविषयी एकच प्रश्न विचारावा, जसे की पाण्यात बुडी मारताना पिसाऱ्याचे काय होते. मांडणाऱ्याला उत्तर सुचेपर्यंत पुढची पाळी थांबवावी.