गिनी पिग सतत खाजवतंय?

वडोदऱ्याच्या पावसाळ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी पिंजऱ्यातलं गवत दोन दिवसांत दमट होतं, म्हणून आमचा चिंटू खाजवायला लागला तेव्हा दोष हवेलाच दिला. चूक झाली. पाठीवरचे केस बाजूला करून बघितलं तर कोंड्यासारख्या खपल्या, आणि हात लागताच तो किंचाळला.

इतकी खाज बहुधा खरजेच्या किड्यांची असते. ते कातडीच्या आत राहतात, डोळ्यांना दिसत नाहीत. दुखणं वाढलं तर झटकेसुद्धा येतात. केसांत हलणारे ठिपके दिसले तर उवा. गोल टक्कल असेल तर गजकर्ण, आणि ते आपल्यालाही होतं, तेव्हा हातमोजे घाला.

कुत्र्याचं गोचीडनाशक लावू नका, आजीचं कडुलिंबाचं तेलही नको. डॉक्टर वजन करून आयव्हरमेक्टिन किंवा सेलामेक्टिन देतात, ठरावीक दिवसांनी पुन्हा. खाज थांबली म्हणून पुढचा डोस चुकवू नका, आधीची अंडी तोवर फुटतात. सोबतच्या जोडीदारालाही औषध द्या, गवत सगळं बदला. रोज शिमला मिरचीचा तुकडा द्या. क जीवनसत्त्व त्यांच्या शरीरात तयार होत नाही.