टँकमधलं शेवाळ आणि 'गोमा': बाटली उघडायच्या आधी हे करा

रीफ टँकमध्ये (खाऱ्या पाण्याचा, प्रवाळांचा टँक) दगडावर हिरवे केस उगवले की आपण आधी काय करतो, तर औषधाची बाटली आणून ओततो. मीपण ओतलीये. आठ दिवस छान दिसतं आणि मग परत जैसे थे, कारण शेवाळाला जे खायला मिळतंय, म्हणजे नायट्रेट-फॉस्फेट, ते चालूच असतं ना.

तर सुरुवात पाण्यापासून करा. किचनमधल्या आरओचं पाणी चालत नाही, त्यात टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, मुद्दाम थोडा ठेवलेला असतो. आपल्याला आरओच्या पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे) लागतं आणि टीडीएस मीटरवर शून्य यायला हवं. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर सुरू झाले की बोअरचं जड पाणी येतं आणि रेझिन भराभर संपतं, माझं असंच संपलं होतं आणि मी महिनाभर मीटर लावलाच नव्हता, शेवाळ तिथूनच आलं. दुसरं म्हणजे माशांचं फ्रोझन खाणं गाळणीत वितळवून ते पाणी सिंकमध्ये सोडा, टँकमध्ये नको. लाईट आठ तास बास.

केसाळ शेवाळ हातानेच उपटायचं, बोअर काम आहे पण इलाज नाही. दगड बाहेर निघत असेल तर टँकच्याच पाण्याच्या बादलीत टूथब्रशने घासा, मग टर्बो गोगलगायी (शेवाळ खाणाऱ्या) सोडा, लांब झालेलं शेवाळ त्या खात नाहीत म्हणून आधी उपटायचं. टेस्टमध्ये फॉस्फेट शून्य दिसलं तर खूश होऊ नका, शेवाळानेच ते पिऊन टाकलेलं असू शकतं. आणि खरंच नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर नेलंत तर डायनो (डायनोफ्लॅजेलेट्स) येतात, बुडबुडे अडकलेला तपकिरी शेंबूड, तो केसाळपेक्षा वाईट. नवीन टँकवरची तपकिरी पावडर म्हणजे डायटम, एक सूक्ष्म शेवाळ, ती आपोआप जाते. लाल साय चढली तर ते शेवाळ नाहीच, सायनोबॅक्टेरिया आहेत, सायफनने ओढून काढा आणि तिथला फ्लो वाढवा. हिरव्या गोट्या (बबल अल्गी, हेही शेवाळच) मात्र टँकमध्ये फोडू नका, अख्ख्या काढा.

आता किडे. रात्री टॉर्च मारला की दगडातून गोमेसारखं काहीतरी सरकतं आणि घरातले किंचाळतात. ते ब्रिसलवर्म, बहुतेक गरीब सफाई कामगार, उरलंसुरलं खातात. खूप वाढले म्हणजे तुम्ही खाणं जास्त घालताय. नुसत्या हाताने धरू नका, केस बोटात घुसतात, घुसलेच तर चिकटपट्टी लावून ओढा.

खरी डोकेदुखी म्हणजे चपटे लालसर फ्लॅटवर्म, काही मिलिमीटरचे, शेपटीला टोकं. हे मेले की विष सोडतात, म्हणून डायरेक्ट औषध नको. आधी दोन-तीन आठवडे पातळ नळीने, टोकाला बारीक जाळीची पिशवी लावून, जमतील तेवढे ओढून काढा. मग औषध, आणि नवीन मिठाचं पाणी आणि विष शोषणारा ताजा कार्बन तयार ठेवून, किडे मरायला लागले की लगेच ओढून काढा, कार्बन लावा, पाणी बदला. आणि हे बुधवारी रात्री सुरू करू नका, आमच्याकडे गुरुवारी मेंटेनन्सला लाईट जाते, पंप आणि कार्बन बंद आणि टँकभर विष अशी वेळ येईल.