अमेरिकेत ‘ट्रिपल नेट’ दुकान घेण्याआधी काय तपासाल?

इमारत तुम्ही विकत घेता, तिच्यात भाडेकरू म्हणून नामांकित साखळीचं दुकान, वीस वर्षांचा भाडेकरार. मालमत्ता कर, विमा, दुरुस्ती सगळं भाडेकरूकडे. अमेरिकेत याला ट्रिपल नेट म्हणतात. तिथे राहणाऱ्या कुणा मराठी कुटुंबाने आयुष्याची पुंजी यात घालायचं ठरवलं असेल, तर आधी एवढं कराच.

करार मागवा आणि सही कोणाची आहे ते बघा. पाटी मोठ्या कंपनीची आणि सही एखाद्या फ्रँचायझीवाल्याची, असं असू शकतं. मूळ कंपनीची हमी लेखी हवी.

मग दुकान रिकामं आहे असं धरून हिशेब मांडा. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. वर्षाचं भाडं 1,50,000 डॉलर आणि कॅप रेट (वर्षाचं भाडं किमतीच्या किती टक्के, तो दर) 6 टक्के, तर तुम्ही 25 लाख डॉलर मोजता. भाडेकरू गेला, त्या भागात चालू भाडं 90,000 डॉलरच निघालं आणि पुढचा खरेदीदार 8 टक्के मागू लागला, तर त्याच इमारतीचे 11,25,000 डॉलर येतात. शिवाय रिकाम्या काळातला कर, विमा आणि कर्जाचे हप्ते तुमच्याच खिशातून.

ही नुसती भीती नाही. राइट एड या औषध दुकानांच्या साखळीने ऑक्टोबर 2023 मध्ये आणि पुन्हा मे 2025 मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. त्याच वर्षी उरलेली सगळी दुकानं बंद झाली. तशाच वॉलग्रीन्स साखळीने 2024 मध्ये तीन वर्षांत सुमारे 1,200 दुकानं बंद करण्याचं जाहीर केलं. दिवाळखोरीत कंपनी भाडेकरार नाकारू शकते. तेव्हा पुढच्या भाड्यापोटी मालकाला किती दावा करता येतो, त्यालाही कायद्याची मर्यादा आहे: एक वर्षाचं भाडं किंवा उरलेल्या मुदतीचे 15 टक्के, यांतलं जे जास्त ते, पण 15 टक्क्यांचा हिशेब तीन वर्षांपलीकडे जात नाही. म्हणून ‘अजून पंधरा वर्षं बाकी आहेत’ यावर विसंबू नका.

भाडेवाढीचं कलमही वाचा. औषध दुकानांच्या अनेक जुन्या करारांत भाडं वर्षानुवर्षं तेवढंच राहतं. महागाईत अशा भाड्याची खरी किंमत घटते; जून 2022 मध्ये अमेरिकेत महागाई 9.1 टक्के होती. छताची दुरुस्ती कोणाकडे, हेही विचारा. ‘डबल नेट’ या करारात, जिथे सगळा खर्च भाडेकरूकडे नसतो, ती बहुधा मालकाकडे असते.

जुनी मालमत्ता विकून अमेरिकी कर कायद्याच्या कलम 1031 खाली कर पुढे ढकलणार असाल, तर नवी मालमत्ता ठरवायला फक्त 45 दिवस मिळतात. त्यामुळे शोध विक्रीआधीच सुरू करा. आणि त्या गावी स्वतः जा: आजूबाजूचे किती गाळे रिकामे आहेत ते मोजा, शेजारच्या दुकानदारांना भाडं विचारा.