दसऱ्याला पेरा, येळवशीला खुडा : हिवाळी परसबागेचा सल्ला

घट उठले की परसबागेच्या कामाला हात घालायचा, हा आमच्या घरचा जुना नेम. नऊ दिवस घटाकडं रोज बघितलेलं असतं आणि दर वर्षी तो तेच सांगतो. ज्या घटावर पाणी हात राखून शिंपडलं, त्यातलं धान वीतभर, तजेलदार येतं. जिथं भक्तीपोटी तांब्यावर तांब्या ओतला, तिथं तळाचा गहू कुबट वास मारतो आणि वरचे कोंब पिवळे पडतात. आपल्याकडं पाण्याची धास्ती हाडात मुरलेली. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलेलं आपण पाहिलंय. म्हणून टाकीत पाणी आहे तोवर झाडाला घालून घ्यावं, असं वाटतं. पण काळ्या मातीच्या परसबागेत हिवाळ्यात मी तहानेनं मेलेली झाडं कमी पाहिली, मुळं गुदमरून मेलेली फार.

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि तिच्यातली हवा निघून जाते. वरचा पापुद्रा मात्र दुपारपर्यंत वाळतो, बारीक भेगा पडतात आणि आपण फसतो. मी लग्न होऊन आले त्या वर्षी वांग्याची रोपं लावली होती. रोज सकाळी पाइप धरायचे. रोपांनी माना टाकल्या, तसं मी संध्याकाळीही पाणी सुरू केलं. आत्याबाईंनी एक रोप उपटून माझ्या हातावर ठेवलं. मुळं तपकिरी झालेली, चिमटीत धरून ओढलं की साल निघून यायची आणि आत नुसता दोरा राहायचा. म्हणाल्या, “पाणी घालायच्या आधी बोट घालून बघत जा की गं. माती बोटाला चिकटून आली तर आज पाणी नाही.” तेव्हापासून मी दोन पेरं बोट आत घालते. माती भुरभुरीत लागली तरच पाणी, आणि दिलं तर मुळापर्यंत पोचेल असं एकदाच. थंडी पडल्यावर जमिनीतल्या मोठ्या झाडांना चार-पाच दिवसांनी पाणी पुरतं. नुकतं पेरलेलं बी मात्र उगवेपर्यंत वरचेवर शिंपडून ओलसर ठेवावं लागतं.

वाफे गादीचेच करा. 3 फूट रुंद केले की दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो, आत पाय द्यावा लागत नाही. उंची अर्धा ते पाऊण फूट. परतीच्या पावसाची एखादी सर आली तरी पाणी साचत नाही. 10 फूट लांबीच्या वाफ्याला दोन-तीन घमेली कुजलेलं शेणखत मिसळा. खत मुठीत घेतलं तर मातीचा वास आला पाहिजे, शेणाचा नाही. कच्च्या शेणखतातून हुमणी येते, ती मुळं कुरतडते आणि उभं रोप सुकून जातं.

चुलीच्या राखेबद्दल थोडं आग्रहानं सांगते. राख झाडाला चांगली, असं सगळीकडं ऐकायला मिळतं आणि आंबट मातीच्या मुलखात ते खरंही आहे. आपली माती मुळातच चुनखडीची, विम्लधर्मी. त्यात राख पडली की झाडाला लोह उचलता येत नाही. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, तर ती लोहाची ओरड समजा. अशा वाफ्यात राख बंद करून गांडूळखत वाढवा. बोअरचं पाणी जड असेल, तर कुंडीच्या काठावर पांढरी पुटं चढतात. महिन्यातून एकदा साठवलेलं पावसाचं पाणी किंवा नळाचं गोडं पाणी खालून निथळेपर्यंत ओता, साचलेले क्षार धुऊन जातात. कुंडीत नुसती काळी माती कधीच भरू नका, दगडासारखी बसते. माती, कुजलेलं खत आणि जाडसर वाळू सारख्या भागानं घ्या.

आता पेरणी. दसरा ते वेळ अमावस्या, म्हणजे शेतात पूजा करून जेवायचा आपला सण येळवस, हे अंतर साधारण 80 दिवसांचं. माझं सगळं गणित त्या एका दिवसाच्या भज्जीवर, म्हणजे हिरव्या शेंगा-भाज्यांच्या कालवणावर बसवलेलं असतं. वाल, वाटाणा, गाजर आणि कोपऱ्यात चार ओळी हरभरा, हे दसऱ्यानंतरच्या आठवड्यातच जमिनीत गेलं पाहिजे. वांगी-टोमॅटोची रोपं घरी करायची तर ती 4-5 आठवडे घेतात, त्यामुळे उशीर झाला असेल तर सरळ तयार रोपं आणा. मेथी महिन्याभरात खुडायला येते, पालकाची पहिली कापणी पाच आठवड्यांत. म्हणून सगळी मेथी एकदम पेरू नका, दर दहा-बारा दिवसांनी एक ओळ टाका, घरात रोज ताजी राहते. धने पेरताना चपलेखाली हलके रगडून दोन फाकी करा आणि रात्रभर भिजवा. उगवायला तरी आठ-दहा दिवस लागतात, तेवढ्यात वाफा उकरून बघू नका! कांदापात सगळ्यात सोपी. घरातले कोंब फुटलेले कांदे खोचून द्या, तीन-चार आठवड्यांत पात.

हरभऱ्याचं सुख मात्र वेगळंच. महिन्याचा झाला की शेंडे खुडायचे. खुडल्यानं फांद्या फुटतात आणि भाजीही मिळते. सकाळी दवात गेलं की पानांवरची आंब बोटांना लागते, दुपारपर्यंत हाताला आंबूस वास राहतो. आमची पोरं शाळेत जायच्या आधी बोटं चाटत वाफ्यापाशी उभी असतात. ज्यांना भाजी खा म्हणून विनवावं लागायचं, ती पोरं स्वतः पेरलेल्या ओळीतली मेथी मोजून आणतात.

सोयाबीनच्या मळण्या नुकत्याच झालेल्या असतात. शेजारून दोन पोती गुळी, म्हणजे मळणीतला भुसा, मागून आणा, बहुतेक जण हसत देतात. रोपं चार बोटं झाली की खोडाला न चिकटवता वाफ्यावर दोन-तीन इंच पसरा. ओल टिकते, तण दबतं, भेगा पडत नाहीत. ती मातीत कालवू नका. कुजताना मातीतलं नत्र ओढून घेते आणि रोपं फिकी पडतात. वरच राहू द्या, उन्हाळ्यापर्यंत आपोआप जिरते. वालाच्या वेलाला गेल्या साली ठेवलेल्या तुराट्या रोवा.

जीवामृत घरापुरतं करायचं तर 20 लिटर पाण्यात 1 किलो ताजं शेण, 1 लिटर गोमूत्र, 200 ग्रॅम गूळ, 200 ग्रॅम बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवा, सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळा, तिसऱ्या दिवशी वापरायला घ्या आणि आठवड्याच्या आत संपवा. दर पंधरा दिवसांनी ओल्या मातीत द्या.

आभाळ आलं की वालाच्या शेंड्यावर मावा चढतोच. आधी पानं उलटून बघा. लाल पाठीचे ढालकिडे किंवा त्यांच्या काळपट, काटेरी अळ्या दिसल्या तर दोन-चार दिवस थांबा, त्या मावा खाऊन साफ करतात. नाहीच आटोपलं तर 50 ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर 1 लिटर पाण्यात भिजवा, फडक्यातून गाळा, चिमूटभर साबणचुरा मिसळून संध्याकाळी फवारा. उरलेलं दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. वांग्याचा एखादाच शेंडा सुकून मान टाकत असेल, तर आत अळी आहे. दोन बोटं खालून कापून जाळून टाका. टोमॅटोच्या कडेनं झेंडू लावा. फळं पोखरणाऱ्या अळीचा पतंग अंडी घालायला झेंडूच्या फुलांकडं वळतो, तिथंच अळी वेचता येते.

तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी भाज्यांना खुशाल घाला. भांड्याच्या साबणाचं पाणी मात्र नको. त्यातल्या सोडियमनं काळी माती अजून चिकट आणि घट्ट होते. न्हाणीचं पाणी केळीकडं वळवा.

वालाच्या पहिल्या बहरातल्या पाच-सहा भरदार शेंगांना आधीच सुती दोरा बांधा, म्हणजे येळवशीच्या घाईत त्या भज्जीत जाणार नाहीत. वेलावरच पूर्ण वाळू द्या. हलवून दाणे वाजले की काढा, सावलीत चार दिवस सुकवा. वाफ्यात नको म्हटलेली चुलीची राख इथं हवी. चाळलेल्या कोरड्या राखेत दाणे घोळून काचेच्या बरणीत भरा आणि बरणीवर महिना लिहून ठेवा.