वळवाच्या पावसात सॅक आतून कोरडी ठेवा

मे महिन्यात ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात ग्रुपने गेलं आणि वळवाने गाठलं, की सॅकला रेनकव्हर असूनही कपडे भिजतात. पाणी पाठीच्या बाजूने आणि पट्ट्यांच्या शिवणीतून आत शिरतं. म्हणून कव्हर बाहेरून नको, आतून घाला.

१. कचऱ्याची मोठी, जाड काळी पिशवी सॅकमध्ये अस्तरासारखी पसरा. पातळ पिशवी डब्याच्या कडेने फाटते.
२. सुके कपडे, टॉवेल, डबा त्यात भरा. पाण्याची बाटली मात्र पिशवीबाहेरच.
३. हवा दाबून काढा, तोंडाला पीळ द्या, दुमडा आणि रबर लावा. नुसती गाठ मारली तर पाणी झिरपतं, शिवाय ओल्या हातांनी ती सुटत नाही.

मोबाइल वेगळ्या झिपच्या पिशवीत ठेवा, म्हणजे तो काढताना सगळी सॅक उघडावी लागत नाही. ग्रुपमध्ये दोघांकडे तरी एकेक जादा पिशवी असू द्या. कुणीतरी विसरतंच, आणि लहान मुलं बरोबर असली तर त्यांच्यासाठी सुका शर्ट फार मोलाचा.

एक सांभाळा: वळीव विजा घेऊन येतो. गडगडाट ऐकू आला की आडोशाला झाडाखाली थांबू नका, लगेच परत फिरा. पिशव्याही घरी परत आणा.